टीप अजून पडते : जुन्या शिवणयंत्रांच्या शोधाविषयी

जुनं शिवणयंत्र दुर्मिळ नसतं. हे पुस्तक उघडणाऱ्याला एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. नाणी, टपाल तिकिटं किंवा पितळी दिवे जमवणाऱ्याला जी धाकधूक असते, आपल्या आधी ती वस्तू दुसऱ्याच्या हाती तर लागणार नाही ना, ती या छंदात फारशी नाही. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावच्या सिंगरच्या कारखान्यातून १९१३ या एका वर्षात १३ लाखांहून अधिक मशीनं बाहेर पडली. अमेरिका, जर्मनी, रशिया, कॅनडा इथले सिंगरचे कारखाने वेगळे, आणि सिंगरखेरीज इतर कंपन्या वेगळ्या. ओतीव बिडाचं अंग, पोलादाचे दांडे, फिरत्या जागी तेल सोडायची भोकं. शंभर वर्षांत संपून जाईल असं त्यात फार थोडं. त्यामुळे ती मशीनं जगातून गेलेलीच नाहीत. माळ्यावर, जिन्याखाली, बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानात, भंगारवाल्याच्या गाडीवर ती आहेत.

मग जमवायचं काय? जे उदंड आहे ते गोळा करण्यात कसब ते कसलं? प्रश्न रास्त आहे आणि या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्याच्या उत्तरासाठी आहे. थोडक्यात उत्तर असं, की उदंड वस्तूच्या संग्रहाला पैसा कमी लागतो आणि जाण जास्त लागते. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काळ्या मशीनांतलं एक क्लाइडबँकचं १९२०च्या दशकातलं असतं आणि दुसरं लुधियान्याचं, त्यानंतर कितीतरी वर्षांनी जोडलेलं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. फरक सांगता येणं हा संग्राहकाचा पहिला गुण. दुसरा गुण म्हणजे मशीन चालतं ठेवणं. जुन्या नाण्यानं आज भाजी विकत मिळावी अशी कुणाची अपेक्षा नसते. शिवणयंत्राकडून मात्र ती ठेवता येते, कारण चार थेंब तेल आणि नवी सुई मिळाली तर त्यातली बरीचशी आजही नीट टीप घालतात. ओळखता येणं आणि चालतं ठेवणं, या दोन कसोट्यांवर हे पुस्तक उभं आहे.

एवढी मशीनं जगात झाली कशी, हे कळल्याशिवाय समोरचं मशीन कळत नाही. त्याचा इतिहास एका संशोधकाचा नाही. इंग्लंडमधल्या थॉमस सेंटनं १७९० मध्ये चामडं शिवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. फ्रान्समधला बार्तेलेमी तिमोनिए हा स्वतः शिंपी. त्यानं १८३० मध्ये साखळीटाक्याचं यंत्र पेटंट केलं आणि पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवणारा कारखाना काढला. आपल्या पोटावर पाय येणार या भीतीनं पॅरिसच्या शिंप्यांनी तो फोडून टाकला. अमेरिकेत वॉल्टर हंटनं दोन दोऱ्यांचं यंत्र १८३०च्या दशकातच बनवलं होतं, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. ते १८४६ मध्ये एलायस हाउनं घेतलं. १८५१ मध्ये आयझॅक मेरिट सिंगरनं उभ्या सुईचं, कापड दाबून धरणाऱ्या फूटचं यंत्र आणलं. तोवर एकाच्या पेटंटवर दुसऱ्याचा पाय पडलेला होता आणि सगळे एकमेकांना कोर्टात खेचत होते.

संग्राहकाच्या दृष्टीनं खरं महत्त्वाचं वर्ष १८५६ आहे. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. हाउ, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी भांडणं मिटवून आपापली पेटंटं एका गाठोड्यात बांधली. बाकीच्या कारखानदारांनी ठरलेली रॉयल्टी भरावी आणि खुशाल मशीन बनवावं, अशी ती तडजोड होती. हे गाठोडं १८७७ पर्यंत टिकलं. दुसरी गोष्ट सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याच्या डोक्यातून निघाली. शंभर डॉलरच्या घरातली वस्तू सामान्य कुटुंबाला एकरकमी परवडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं थोडी रक्कम आधी घेऊन उरलेली हप्त्यानं फेडायची सोय केली. घरोघर फिरणारा विक्रेता, मशीन चालवून दाखवणारी बाई आणि दरमहा हप्ता वसूल करणारा माणूस अशी साखळी उभी राहिली. टीव्ही, फ्रीज, स्कूटर हप्त्यावर घेण्याची जी रीत पुढे आपल्याकडे रुळली, तिचं एक मूळ इथे आहे.

लोकांनी हप्ते भरले, कारण वेळ वाचत होता. व्हीलर अँड विल्सन कंपनीनं १८६०च्या सुमारास एक तक्ता छापला होता. त्यानुसार पुरुषाचा एक सदरा हातानं शिवायला १४ तासांहून अधिक लागत आणि मशीनवर सव्वा तास. तक्ता विकणाऱ्यानंच छापलेला, तेव्हा त्यातली थोडी अतिशयोक्ती सोडून दिली तरी फरक लहान राहत नाही.

यंत्रसंस्कृतीवर कडक टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी याच यंत्राला अपवाद केलं होतं. १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त छापल्या गेलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनची गणना मोजक्या उपयुक्त शोधांमध्ये केली. बायकोचे शिवणकामातले कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरनं ते घडवलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षातला सिंगर हा फिरत्या नाटक मंडळीतला नट. एकाच वेळी अनेक संसार चालवणारा, वीसहून अधिक मुलांचा बाप, आणि नजर पक्की पैशावर. म्हणजे कारण चुकलं, पण अपवाद चुकला असं म्हणवत नाही. गिरणीतला माग मालकाचा असतो आणि माणूस त्याच्या वेगानं पळतो. शिवणयंत्र एका माणसाच्या हातापायाच्या वेगानं चालतं आणि त्याच्या स्वतःच्या मालकीचं असू शकतं. ते थांबवावं कधी हे शिवणारीच ठरवते.

आता थोडं यंत्राच्या पोटात शिरायला हवं. हातशिलाईत सुई कापडातून आरपार जाते आणि सगळा दोरा मागोमाग ओढून नेते. यंत्राकडून हेच करवून घेण्याच्या नादात कितीजणांची वर्षं वाया गेली. तोड निघाली ती सुईचं नेढं मागच्या टोकाकडून अणीजवळ आणल्यावर. सुई कापडात शिरते, परत वर निघता निघता तिच्या दोऱ्याचा लहानसा फास कापडाखाली सुटतो, आणि त्या फासातून खालचा दोरा ओवला जातो. वरचा दोरा रिळाचा, खालचा बॉबिनचा. दोन्हींचा ताण जुळला की त्यांची अढी कापडाच्या जाडीत मधोमध बसते आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. साखळीटाक्यात एकच दोरा असतो. त्याचं शेवटचं टोक सुटलं की ओढत गेल्यास सगळी शिवण उसवते. धान्याच्या पोत्याचं तोंड उघडताना हा अनुभव सगळ्यांनीच घेतला आहे.

फासातून खालचा दोरा न्यायचा कसा, या एका प्रश्नाची चार उत्तरं निघाली, आणि जुन्या मशीनांच्या चार जाती त्यातून झाल्या. पहिल्या जातीत होडीच्या आकाराचं शटल सुईखालून सरळ रेषेत ये-जा करतं. सिंगरचं १८६५ मध्ये आलेलं 'न्यू फॅमिली', म्हणजे मॉडेल १२, या जातीचं. जर्मनीतल्या अनेक कारखान्यांनी त्याची नक्कल केली. दुसऱ्या जातीत लांबट, एका टोकाला निमुळतं शटल कमानीत झोके घेतं. सिंगरची २७ आणि १२७ ही पूर्ण आकाराची, २८ आणि १२८ ही त्यांची लहान भावंडं. तिसऱ्या जातीत बॉबिन गोल होते, ती आपल्या केसमध्ये बसते आणि हुक अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे असा हेलकावतो. सिंगरचं मॉडेल १५ हे या जातीचं सर्वांत पसरलेलं मशीन. चौथ्या जातीत हुक थांबत नाही, पूर्ण फेरे घेत राहतो. व्हीलर अँड विल्सनच्या ॲलन विल्सननं ही युक्ती काढली आणि पुढे सिंगरच्या २०१ मॉडेलमध्ये ती फार सुबक होऊन आली. मशीनवरचं सगळं सोनेरी नक्षीकाम पुसलं गेलं असेल, नाव दिसत नसेल, तरी सुईजवळची सरकती पट्टी बाजूला करून शटल पाहिलं की जात कळते. संग्राहकानं ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

आपल्याकडे ही मशीनं आली ती मुंबई आणि कलकत्ता बंदरांतून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सिंगरचा इथला पसारा वाढवण्यात मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाचा मोठा वाटा होता. काम सोपं नव्हतं. साडी, धोतर, उपरणं, पागोटं या अंगावरच्या मुख्य वस्त्रांना शिवणच नसे. उरली चोळी, बाराबंदी, अंगरखा, कुंची, झबलं; त्यातली बरीच घरीच हातानं होत. गिऱ्हाईक म्हणून आधी पुढे आला तो शिंपी. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर किंवा ओट्यावर हातमशीन मांडून बसलेला शिंपी हे पुढे बाजारपेठेतलं नेहमीचं दृश्य झालं. नामदेवांचा वारसा सांगणाऱ्या शिंपी समाजाच्या पिढीजात कसबात हे यंत्र शिरलं आणि हळूहळू त्या समाजाबाहेरच्या हातांतही गेलं.

घरात ते शिरलं कोट, सदरा, पोलकं आणि शाळेचा गणवेश यांच्या मागोमाग. आणि तिथे त्याला एक वेगळंच काम मिळालं. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी बायकांना स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी जे शिक्षण देऊ केलं, त्यात शिवणकाम होतं. विधवा, टाकलेली, नवऱ्याचा पगार पुरत नाही अशी, घराबाहेर पडायची मुभा नसलेली. अशा कितीजणींच्या संसाराला या यंत्रानं हातभार लावला. लग्नात मुलीला मशीन द्यायची पद्धत पडली ती काही नुसत्या हौसेनं नाही. 'वेळ पडली तर' हा त्यामागचा न बोललेला विचार होता. जिल्हा परिषदा गरजू महिलांना आजही शिलाई मशीनं वाटतात, त्यामागेही तोच विचार आहे.

१९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 'उषा' मशीन बनवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी मशीनांचा जोर वाढला. लुधियान्यात लहान-मोठ्या कारखान्यांचं जाळं उभं राहिलं. त्यातली बहुतेक काळी घरगुती मशीनं सिंगरच्या मॉडेल १५ च्या साच्यावर बेतलेली. नव्या संग्राहकाला यात कमीपणा वाटतो, 'हे आपलं देशी' म्हणून तो पुढे जातो. ते योग्य नाही. परदेशी मशीनांची माहिती इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी नंबरवार लावून ठेवली आहे. जुनी उषा आणि तिच्या बरोबरीची बंद पडलेली लहान नावं यांच्याकडे मात्र तितकं लक्ष कुणी दिलेलं नाही. मराठी संग्राहकाला स्वतःची भर घालायची असेल तर जागा इथे आहे. म्हणून या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग देशी मशीनांना दिला आहे.

ओळख पटवण्याचं काम नंबरापासून सुरू होतं. सिंगरच्या मशीनचा नंबर बहुधा पाट्याच्या उजव्या टोकाला, खांबाच्या बुडाशी उठवलेला असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नंबराआधी अक्षर येऊ लागलं. एफ किंवा वाय असेल तर क्लाइडबँक, जी असेल तर अमेरिकेतलं एलिझाबेथपोर्ट. मॉडेलच्या आकड्यामागे लागणारा 'के', जसं १५ के, ६६ के, ९९ के, हाही क्लाइडबँकचाच, कारण तिथला कारखाना किलबोवी भागात होता. नंबरावरून मिळणारी तारीख मात्र बेतानं वापरावी. कंपनीच्या वह्यांत नंबरांचा गठ्ठा कारखान्याला कधी नेमून दिला एवढंच असतं. मशीन त्यानंतर तयार झालं, बोटीत चढलं, मुंबईत उतरलं आणि गोदामात पडून राहून केव्हातरी विकलं गेलं. वहीतली तारीख आणि घरातली आठवण यांत दोन-चार वर्षांचं अंतर पडलं तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नये.

याहून जास्त घोळ बिल्ल्यांमुळे होतो. सिंगरच्या काही मशीनांवर निळ्या कडेचा पितळी बिल्ला असतो आणि त्यावर १८५१ आणि १९५१ अशी दोन वर्षं असतात. विकणारा पहिल्या आकड्यावर बोट ठेवतो आणि पावणेदोनशे वर्षांचं मशीन म्हणून भाव सांगतो. तो बिल्ला कंपनीच्या शताब्दीचा आहे. मशीन १९५१च्या आसपासचं. सरकत्या पट्टीवर उठवलेल्या पेटंटच्या तारखांबद्दलही हेच. पेटंट कधी मिळालं ते तिथे लिहिलेलं असतं, मशीन कधी झालं ते नाही. शिवाय बिल्ले दोन खिळ्यांवर बसलेले असतात. ते काढून दुसऱ्या मशीनवर लावणं अवघड नाही. म्हणून नाव शेवटी वाचावं. आधी शटल, मग नंबर, मग सांगाड्याची ठेवण, आणि मग नाव.

शोधायला जायचं कुठे? मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि म्हणूनच तिथले भाव चढे असतात. त्याहून चांगली जागा म्हणजे मशीन दुरुस्त करणारा जुना मिस्त्री. त्याच्या खणात शटलं, केस, दाते, स्प्रिंगा यांचा जो ढीग असतो तो दुसरीकडे कुठे मिळायचा नाही. गावातलं कोणतं मशीन कुणाच्या घरी आहे, हेही त्याला तोंडपाठ असतं. व्यवसाय आवरता घेणारे शिंपी, वाडे पाडून इमारती होताना रिकामी होणारी घरं, गोव्यातल्या जुन्या घरांतली सामानाची खोली, अशा ठिकाणी मशीन आपल्या स्टँडसकट, पेटीसकट, जोड फूटच्या डबीसकट मिळतं. डबी असेल तर ती सोडू नये. काठ दुमडायचं, चुण्या पाडायचं, पायपिंगचं असे निरनिराळे फूट त्यात असतात, आणि सुटे घ्यायला गेलं तर तेच सर्वांत अवघड.

मशीन कुठल्या हवेत राहिलं हे पाहावं. कोकणपट्टीत आणि गोव्यात खारी दमट हवा निकेलचा मुलामा खाते आणि सुईदांड्यावर गंज चढवते. देशावरच्या मशीनांत गंज कमी, पण धूळ आणि जुनं तेल यांचा राप घट्ट बसलेला असतो. दुसरा प्रकार बरा. चाक जागचं हलत नाही म्हणून मशीन मेलं असं नव्हे. पुष्कळदा कुणीतरी घरातलं खोबरेल सोडलेलं असतं आणि ते वाळून डिंकासारखं झालेलं असतं. दोन-तीन दिवस रॉकेल मुरू दिलं, मळ पुसून काढला आणि मशीनचं तेल घातलं की चाक फिरू लागतं. बिडाला तडा गेला असेल तर मात्र परत फिरावं. लांबट शटलच्या मशीनमध्ये शटलच नसेल तर ते मिळेपर्यंत मशीन शोभेचं. सुई कोणती लागते हेही विचारावं. मॉडेल १५ आणि १२७, १२८ यांना आजच्या दुकानातली साधी घरगुती सुई चालते. मॉडेल १२ ची सुई वेगळी आणि ती शोधत हिंडावं लागतं. चाक फिरवताना दिशा सांभाळावी. सिंगरचं चाक वरून आपल्याकडे येतं. व्हीलर अँड विल्सन किंवा विल्कॉक्स अँड गिब्ज यांचं उलट दिशेनं जातं. उलटं फिरवलं की दोरा अडकतो आणि नव्या माणसाला वाटतं मशीन बिघडलं.

साफसफाईबद्दल या पुस्तकात थोडं हट्टानं लिहिलं आहे. जुन्या मशीनचा काळा रंग भट्टीत भाजून बसवलेला असतो. त्यावर सोनेरी नक्षी ठशासारखी उमटवलेली आणि तिच्यावर संरक्षक थर, जो बऱ्याचदा लाखेचा असतो. लाख स्पिरिटात विरघळते. स्पिरिट किंवा थिनरचा बोळा एकदा फिरवला की इजिप्तच्या स्फिंक्सची किंवा कमळाची ती सुंदर चित्रं बोळ्यावर येतात आणि मशीनवर काळा पाटा उरतो. मशीनच्याच तेलाचा बोळा आणि भरपूर वेळ, एवढ्यावर भागवावं. नवा रंग देऊन, नवी नक्षी चिकटवून मशीन चकचकीत करणाऱ्यांशी माझं पटत नाही. पाट्याच्या पुढच्या कडेची नक्षी पुसली गेली आहे ती तिथे वर्षानुवर्षं कापड आणि मनगट घासलं म्हणून. तिथे जवळच बारीक ओरखडे दिसतात ते कापडात राहिलेल्या टाचण्यांचे. पायडलच्या जाळीवर एक बाजू जास्त गुळगुळीत झालेली असते. हे सगळं पुसून टाकल्यावर मशीन नवं दिसतं, पण त्यावर कुणी किती काम केलं हे सांगणारा एकमेव पुरावा गेलेला असतो.

किमतीबद्दल दोन शब्द. २००९ मध्ये सौदी अरेबियात एक अफवा उठली, की जुन्या सिंगरच्या सुईत लाल पारा असतो आणि त्याची किंमत अफाट आहे. लोक मोबाइल घेऊन मशीनजवळ जाऊन तपासू लागले, भाव भलतेच चढले, शेवटी पोलिसांना खुलासा करावा लागला. असा पारा मशीनमध्ये नसतो, कधी नव्हताही. तरी अशा गोष्टी सांगणारे बाजारात भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता पुढे जावं. खरं नुकसान दुसऱ्या फॅशननं होतं आहे. ओतीव लोखंडाच्या नक्षीदार स्टँडवर काच किंवा लाकूड टाकून कॅफेतलं टेबल करतात आणि वरचं हेड वजनावर भंगारात जातं. ऑलसेंट्स या इंग्लिश कपड्यांच्या कंपनीनं आपल्या दुकानांच्या काचांमागे जुनी मशीनं शेकड्यांनी रचली. निदान ती भट्टीत गेली नाहीत, एवढंच त्याचं समाधान. स्टँड वेगळा आणि हेड वेगळं विकायला निघालेलं दिसलं तर शक्य असल्यास दोन्ही एकत्र घ्यावीत. जोडी एकदा फुटली की पुन्हा जुळत नाही.

आता संग्रहाची आखणी. सगळं जमवायला निघालं तर घरात माणसांना जागा राहणार नाही. एकेक हेड बारा-चौदा किलोचं. लंडनमधल्या शिवणयंत्रांच्या संग्रहालयात सहाशेवर मशीनं आहेत, ती मांडायला संग्रहालय चालवणाऱ्या कंपनीची इमारत होती म्हणून. आपण एक धागा धरावा. चार जातींचं एकेक चालतं मशीन, एवढाच संग्रह केला तरी यंत्राचा सगळा विकास हाताखालून जातो. कुणी फक्त देशी नावं जमवील, कुणी फक्त हातमशीनं, कुणी आपल्या तालुक्यातल्या शिंप्यांची. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्या संग्रहातून उभं राहिलं, त्यात अडकित्ते, दिवे, कळशा अशा रोजच्या वापरातल्या वस्तूच होत्या. दिनकर गंगाधर केळकरांनी त्या जमवल्या तेव्हा त्या जुन्या घरांमधून मोडीत निघत होत्या. वस्तू साधी असली तरी चालते, जमवणाऱ्याची दृष्टी साधी असून चालत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

त्या दृष्टीत माणसं धरावीत, असा माझा आग्रह आहे. क्लाइडबँकच्या कारखान्यात १९११च्या वसंतात लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बाराजणींनी वाढवलेल्या कामाविरुद्ध हात थांबवले, आणि त्यांच्या पाठीशी अकरा हजार कामगार बाहेर पडले. संप मोडला, पुढाऱ्यांना कामावरून काढलं गेलं. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. तिथल्या रेल्वे स्थानकाचं नाव आजही 'सिंगर' आहे. आपल्या माळ्यावरच्या त्या काळातल्या मशीनची पेटी अशाच कुणा बाईच्या हाताखालून गेलेली असते. तिकडे घडवणारी, इकडे वापरणारी. दोघींची नावं मशीनवर कुठे नाहीत, नाव आहे ते मालकाचं. घडवणारीचं नाव आता मिळणं कठीण. वापरणारीचं मिळू शकतं, पण ते सांगणारं माणूस मशीनइतकं टिकाऊ नाही. म्हणून पैसे देण्याआधी विचारावं: मशीन घरात कधी आलं, कुणी आणलं, त्यावर कोण शिवायचं, काय शिवायचं, कुणाचं शिवायचं, केव्हा थांबलं. उत्तरं नंबरासोबत वहीत उतरावीत, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन. अशी वही नसलेल्या संग्रहाला मी बिडाचं गोदाम म्हणेन.

पुस्तकाची रचना याच क्रमानं केली आहे. पहिल्या भागात यंत्राची अंतर्गत रचना आणि चार जाती. दुसऱ्यात परदेशी नावं आणि नंबर वाचण्याची रीत. तिसऱ्यात देशी मशीनं. चौथ्यात सफाई, तेल, वादी, ताण आणि किरकोळ दुरुस्ती. पाचव्यात नोंदवहीचा नमुना आणि विचारायचे प्रश्न. घाईत असलेल्यानं चौथा भाग आधी वाचला तरी चालेल. ज्याच्या घरी मशीन आधीच आहे त्याची गरज तीच असते. विकत घ्यायला निघालेल्यानं मात्र पहिला भाग टाळू नये.

आणि पहिल्या खेपेला बाजारात जाताना सोबत घ्यायचं ते एवढंच: लहान टॉर्च, फडकं, तेलाची कुपी, एक नवी घरगुती सुई, रीळभर दोरा, मांजरपाटाचा वीतभर दुहेरी तुकडा आणि वही. बंद दिसणारं मशीन समोर आलं की पट्टी सरकवून शटल पाहावं, नंबर उतरून घ्यावा, चाक हळू आपल्याकडे फिरवावं, जमल्यास टीप घालून पाहावी. टीप दोन्ही बाजूंनी सारखी आली नाही तर ताणाचा स्क्रू थोडा फिरवून पुन्हा घालावी. विकणारे सहसा हरकत घेत नाहीत. उलट इतक्या वर्षांनी आपल्या मशीनवर दोरा चढलेला पाहून तेच स्टूल पुढे सरकवतात. पैसे त्या दिवशी घरी ठेवले तरी चालतील. हे मशीन गेलं तर दुसरं मिळेल. ते ओळखायला शिकलेला हात मात्र असा बाजारात हिंडूनच तयार होतो.